वधूचे वडील, बसलेले असताना

गिंबाल, इलोइलो
२० फेब्रुवारी १९९४

इंदाय फेली,

तुझं खोकं राखेच्या बुधवारी पोचलं. आत निघालं ते असं: गोड पियायाचा एक डबा (बारा, पैकी चार मोडलेले), पांढरी लेस दोन वार, अन्सेल्मोच्या पायासाठी मलम (पायाचं तुला कुणी सांगितलं?), आणि चिठ्ठी. पियायाचे पस्तीस, लेसचे फार तर साठ, मलमाचे अठरा आणि बोटीच्या पार्सलचे पंचवीस धरले तर तू एकशे अडतीस पेसो घातलेस. वर पोस्टमनने माझ्याकडून पाच मागून घेतले, कशाचे ते त्यालाही सांगता आलं नाही. उपासाचे दिवस सुरू झाले म्हणून पियाया ईस्टरपर्यंत कपाटात ठेवलेत. नऊ वर्षांत धाकट्या बहिणीची एक ओळ नाही आणि आता एकदम एवढा खर्च, तेव्हाच ओळखलं की चिठ्ठीत काहीतरी आहे.

तर रुबिलिनच्या लग्नाचे फोटो काढायला तुझाच स्टुडिओ ठरलाय आणि तू तिथे दुसरी फोटोग्राफर असणार. कागदावर भाचीचं नाव वाचून तू खाली बसलीस म्हणतेस. मीही बसले.

स्पष्ट लिहिते. त्या फोटोवाल्या दादिंगबरोबर तू फादरांपुढे उभी न राहताच गेलीस. तो मेला, तुला कॅमेरे ठेवून गेला, आणि त्यांच्या जोरावर तू लोकांच्या लग्नात वेदीकडे पाठ करून उभी राहतेस. तेही दुसरी म्हणून. पहिली असतीस तर माझ्या बहिणीचा स्टुडिओ आहे एवढं तरी म्हणता आलं असतं.

नवऱ्यामुलाकडच्यांची तुला कल्पना असेलच, तुमच्या बाकोलोदचेच आहेत. ऊस गेला, जमीन बँकेत गेली, पण आईच्या नावामागचं 'दोन्या' तेवढं शाबूत आहे. दोन्या कॉन्चिंग मागणी घालायला आली ती भाजलेलं अख्खं डुक्कर घेऊन, आणि त्याचं वजन तिने तीनदा सांगितलं. माझ्या खुर्चीवर रुमाल पसरून बसली. लग्नाचा खर्च रिवाजाप्रमाणे मुलाकडचा, तेव्हा चर्च तिचं, केक तिचा, फोटोवाला तिचा. मुलगा राउल व्हँकुव्हरला हॉटेलात चादरी बदलायला जाणार आहे. पत्रिकेत त्याला 'परदेशी व्यवस्थापन' छापलंय. जूनमध्ये रुबिलिनही जाईल.

मला त्या सगळ्या थाटातून एकच गोष्ट हवी आहे. अन्सेल्मोला ऑगस्टात झटका आला, डावा पाय ओढतो. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो रुबिलिनचा हात धरून स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत चालतो. तिच्या त्या बाकोलोदच्या चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत चाळीस पावलं आहेत, मी जाऊन मोजून आलेय. त्याची एकतीस होतात. बाप आपल्या पायांवर, मुलगी त्याच्या हातात, असा एक फोटो मला पाहिजे. ती गेली की कधी परतेल, आणि तोवर तो कसा असेल, ते लिहीत नाही. तू तिथे असणारच आहेस तर एवढं कर.

आणि तू माझी बहीण आहेस हे कुणाला कळता कामा नये. दोन्याने विचारलं होतं, "तुमची धाकटी बहीण नन्सकडे असते ना?" मी नाही म्हटलं नाही. हे खोटं बोलणं होत नाही.

पुरिंग


बाकोलोद
३ मार्च १९९४

मनांग पुरिंग,

नन्सकडे माझं बरं चाललंय. जेवण वेळेवर मिळत नाही, बाकी शिस्त आहे.

दुसरी फोटोग्राफर म्हणजे काय ते तुला सांगून ठेवते, म्हणजे त्या दिवशी मला कुठे बघायचं नाही ते कळेल. आमचा मालक नोनोय काळा कोट घालून वेदीपुढे उभा राहतो आणि वधू काढतो. मी काळ्या शर्टात, पाठीवर स्टुडिओचं नाव. मी वराचं तोंड काढते, बूट, अंगठ्या, केक, पिंजऱ्यातली कबुतरं, आणि नोनोयला ज्यांची नावं लक्षात ठेवायची नाहीत ती माणसं. नोनोय जेवतो साक्षीदारांच्या टेबलाशेजारी. मी स्वयंपाकघराच्या दारात, ताट हातात धरून.

आता तुझ्या फोटोबद्दल. दोन्याने आमचा कागद स्वतःच्या अक्षरात भरून दिलाय. मुख्य साक्षीदार बारा जोड्या, प्रत्येकी दोन फोटो. दोन्या प्रवेश करताना, चार. वधूकडचे पाहुणे, सर्वांचा मिळून एक. आणि खाली, दोन रेघा मारून: 'वधूचे वडील, बसलेले असताना.'

नोनोयने विचारलं, "चालत येतानाचा नको का?"

ती म्हणाली, "लंगडणं एकदा अल्बममध्ये गेलं की कायमचं राहतं, बाळा. मुलगी वेदीपाशी आली की मग काढा."

तेव्हा अन्सेल्मो चालत असेल त्या वेळात नोनोय कॅमेऱ्यात नवीन रोल भरणार आहे. ठरवून. म्हणजे तुझा फोटो काढेल असं त्या चर्चमध्ये माझ्याशिवाय कुणी नाही. माझी जागा वराजवळ आहे, ती सोडून मी सहाव्या बाकापाशी येईन. नोनोय नंतर ओरडेल. ओरडू दे, त्याचा आवाज बायकी आहे.

फिल्म मला चारच रोल मिळतात, मोजून. म्हणून बिनमहत्त्वाच्या पाहुण्यांना आम्ही बेंदिसियोन देतो, म्हणजे फादर देतात तसा आशीर्वाद. उजव्या खांद्यावर भरलेला कॅमेरा, डाव्यावर दादिंगचा जुना, रिकामा. कुणी "आमचा एक काढा" म्हणालं की डावा उचलायचा आणि फ्लॅश उडवायचा. प्रकाश पडतो, हाती काही लागत नाही, म्हणून बेंदिसियोन. माणसं केस सारखे करतात, पोट आत घेतात, आभार मानतात. वीस वर्षांत एकानेही मागाहून येऊन विचारलेलं नाही. असल्या माणसांना विचारायची सवय नसते.

रुबिलिनला तरी सांग मी कोण ते. मी तिला चार वर्षांची असताना शेवटचं कडेवर घेतलं होतं.

फेली


गिंबाल
१३ मार्च १९९४

इंदाय फेली,

वेदीवरचा शब्द उचलून तुम्ही फसवणुकीला लावलात. ईस्टरच्या आत कबुलीजबाब दे. नोनोयलाही ने, त्याच्यापाशी जास्त असेल.

पण तुमच्याकडे ही पद्धत आहेच, तर एक सोय बघ. अन्सेल्मोची इग्बारासची चुलत भावंडं येणार आहेत, अकरा जण, भाड्याची जीपनी गाडी करून. त्यांना प्रत्येकाचा वेगळा फोटो हवा असतो, आणि मग वर्षभर माझ्या दारात येऊन प्रत मागतात. मिस्साच्या आधी चर्चच्या दाराशीच त्यांना तुझं ते बेंदिसियोन देऊन टाक, म्हणजे आत गप्प बसतील. यात कुणाचं काही जात नाही, तेव्हा पापही नसावं. फादरांना विचारलं नाही. एवढ्यातेवढ्यासाठी त्यांना कशाला त्रास.

दोन रेघा मारल्या म्हणतेस. तिच्या नवऱ्याला मी पाहिलंय. दोन्ही पाय धड असून त्याला पत्त्यांच्या टेबलावरून उठवायला दोन नोकर लागतात.

अन्सेल्मोची आता छत्तीस झाली. कोपरावर रुबिलिनचा हात, तोंडाने मोजतो, वळणावर थांबला की शेजारची पोरं टाळ्या वाजवतात, मग तो चिडून आणखी दोन टाकतो. फोटो कोण काढणार म्हणून विचारत होता. स्टुडिओची एक बाई, म्हटलं.

रुबिलिनला सांगणार नाही. ती धावत येऊन गळ्यात पडेल आणि साऱ्या बाकोलोदला कळेल. त्या दिवशी मी तुझ्याकडे कामाला आलेल्या बाईकडे बघावं तसं बघेन. तूही तसंच बघ. डोळे पुसायचे वगैरे असतील तर घरून पुसून ये.

पुरिंग


गिंबाल
८ मे १९९४

फेली,

लाडाचं इंदाय लिहीत नाही, तुझ्या लक्षात येईल.

दोन्याने ड्रायव्हरबरोबर अल्बम पाठवला. दोन दिवसांसाठी, बघून परत करायला. वर प्लॅस्टिकचं वेष्टण आणि हात धुऊन हाताळा अशी चिठ्ठी. छत्तीस पानं आहेत. दोन्या एकोणीस पानांवर आहे. एका पानावर नुसती कबुतरं. कुणा उपमहापौराची बायको पर्स उघडताना आहे, मिटताना आहे. माझा नवरा एका फोटोत आहे, खुर्चीत बसलेला, अर्धा कान कापला गेलेला, आणि त्याच्यापुढे कुणाचातरी सोडावॉटरचा पेला.

चालतानाचा नाही.

मी ड्रायव्हरला विचारलं, "आणखी काही दिलंय का? दुसऱ्या फोटोवालीचं?"

"तिचं कबुतरांचं पान आहे ना, मनांग."

अन्सेल्मोने शेवटपासून सुरुवातीपर्यंत पुन्हा पानं उलटली. मग म्हणाला, "हे स्टुडिओचे झाले. फेलीचे कुठे आहेत?"

"कोण फेली?"

"पुरिंग, माझा पाय गेलाय. डोळे आहेत."

त्याने तुला पाहिलं होतं. दारातून आत आल्यावर विसाव्या पावलाला पाय अडला, आता बसावं लागणार असं वाटलं, आणि सहाव्या बाकापाशी कॅमेरा डोळ्याला लावलेली तू दिसलीस. मग तो ताठ झाला म्हणे. उरलेली सगळी खाली न बघता चालला. तो मला हे सांगतो, रोज, भात वाढताना. "माझी मेहुणी आली होती. तिने पाच काढले, मी मोजले." तीन आठवडे वाट बघतोय तो. फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. चालणं बंद आहे, कारण म्हणे एकदा नीट चालून झालंय, आता फोटो आला की झालं.

पाच वेळा फ्लॅश उडालेला मीही पाहिला. मी त्याच्या मागे दोन पावलांवर होते. मग फोटो कुठे गेले ते मला कळतं, तुझ्याच पत्राने मला ते शिकवलं. तुला लग्नात खुर्ची दिली नाही, बहीण म्हटलं नाही, त्याचं तू असं उट्टं काढलंस. माझ्या आजारी नवऱ्याला तू रिकाम्या कॅमेऱ्याने ओवाळलंस. दोन्याने निदान कागदावर लिहून दिलं होतं. तू तेवढंही केलं नाहीस.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

पुरिफिकासियोन


बाकोलोद
१६ मे १९९४

मनांग,

उत्तर देते. वाच किंवा चुलीत घाल.

कॅमेरा रिकामा होता. एवढं तुझं बरोबर आहे.

तुझे इग्बारासचे अकरा जण चर्चच्या दाराशी मला धरून उभे होते. पंचवीस मिनिटं. तू सांगितलंस म्हणून मी डावा कॅमेरा गळ्यात पुढे घेतला होता. एकेकाचा वेगळा, मग जोडीजोडीने, मग त्या जाड्याचा जीपनीसकट.

"पोट आत घे, तोमास, मॅम थांबल्यात."

"आत घेतलंय."

"मग हे बाहेर कुणाचं आहे?"

"मॅम, माझा डोळा मिटला असेल, आणखी एक द्या ना."

दिला. सगळ्यांना दिला. एक म्हातारी होती, हिरव्या शालीची, तिने दातांची कवळी रुमालातून काढून बसवली, फोटो झाल्यावर परत काढून ठेवली. मला म्हणाली, "इंदाय, माझ्या मयताला हाच लावतील." मी तिलाही दिला. तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला.

मी बाजूच्या दाराने धावले. वराजवळची माझी जागा सोडली, सहाव्या बाकापाशी गुडघा टेकला, आणि गळ्यात जो होता तो उचलला. बघायला वेळ नव्हता, अन्सेल्मो विसाव्या पावलावर थांबला होता. भिंगातून मी त्याला चांगला बघितला. हनुवटी वर, ओठ मोजत होते. रुबिलिन त्याच्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती, पण तिच्या हाताची बोटं त्याच्या बाहीत रुतली होती. मागे तू, पर्स पोटाशी धरून, त्याच्या डाव्या पायाकडे बघत, जसं काही डोळ्यांनी तो पाय तूच उचलत होतीस. असला फोटो मला वीस वर्षांत मिळाला नव्हता.

भरलेल्या कॅमेऱ्यात पुढचा फोटो ओढून घेताना बोटाला फिल्मचं ओझं लागतं. रिकाम्यात कळ हलकी जाते. ते माझ्या बोटाला कळलं तेव्हा ते दोघं वेदीपाशी पोचले होते आणि नोनोय नवीन रोल भरून तयार होता.

तुला दोष देत नाही. अकरा जणांना दोन-दोन तरी दिले, एवढंच सांगते. आणि उट्टं काढायचं असतं तर मी फिल्म भरून काढलं असतं. दोन्या तोंडात डुकराचं कातडं कोंबताना माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही स्वच्छ.

त्यानंतर मी केक काढला. कबुतरं काढली. नोनोय म्हणाला, "वधू येताना वराचं तोंड कुठाय?" नव्हतं. मी सहाव्या बाकापाशी होते. सोमवारी त्याने मला काढून टाकलं. दोन्याने त्याचे पैसे कापले, त्याने माझे. आता मी शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो काढते. रांगेने येतात, कुणी पोट आत घेत नाही.

अन्सेल्मोला काय सांगायचं ते तू ठरव. धंद्यात असं झालं की आम्ही सांगतो फिल्म धुताना जळली. लोक मान हलवतात. तेच सांग. नवऱ्याशी तेवढं बोलणं तुझ्या हिशेबात खोटं होत नसेल.

फेली


गिंबाल
२५ मे १९९४

इंदाय फेली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अन्सेल्मोला मोठ्याने. जळलेल्या फिल्मची थाप मला पाठ होती, पण तोंड उघडलं आणि तुझंच पत्र वाचलं गेलं. अकरा इग्बारासकरांपाशी आल्यावर मी गाळणार होते. गाळलं नाही. ते करायला मीच सांगितलं होतं हेही त्याला सांगितलं.

 तो म्हणाला, "कवळीवाली म्हणजे आमची तिया सेपा. तिला पण?"

"तिला पण."

"पुरिंग, तू आणि ती दोन्या, तुम्ही दोघींनी मिळून एक कागद भरायला हवा होता."

 सदतीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा असं म्हटलं, आणि नेमकं त्याच दिवशी त्याला पेज भरवायची माझ्यावर पाळी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काठी घेतली आणि म्हणाला, पुन्हा चालतो. आधी बत्तीस झाली. पण हा आठवडा चांगला गेला नाही, काल अठ्ठावीस. डॉक्टर फाटकावरच बोलले माझ्याशी, आत येऊन बोलले नाहीत, तेव्हा तू समज.

रुबिलिन चार जूनला येतेय, आठ दिवस. बारा तारखेला विमान. झगा दोन्याच्या कपाटात कुलपात आहे, तिने मागितला तर म्हणाली, लग्नाचा झगा बोटीने फिरवायचा नसतो. राहू दे. त्या झग्याच्या बाह्या फुगलेल्या कोबीसारख्या होत्या. रुबिलिन आपला रविवारचा निळा घालेल.

आमच्या इथल्या फादरांना चर्च मागितलं. म्हणाले, "झालेलं लग्न पुन्हा लावता येत नाही, पुरिफिकासियोन."

"लावायचं नाही, फादर. चालायचं आहे."

"किती वेळ?"

"अठ्ठावीस पावलं होतील तेवढा."

पाच जूनला, रविवारी, दुपारच्या तीनला रिकामं देतो म्हणाले. आमचं चर्चही तेवढंच लांब आहे. दारापासून धरलं तर चाळीस होतात, पण मी बाकांमधून मोजून पाहिलं, मधल्या खांबापासून निघालं तर सव्वीसच. तिथून निघू. ही फसवणूक असेल तर ती मी माझ्या नावावर घेते.

इग्बारासला निरोप धाडलाय. अकराच्या अकरा येणार आहेत. तिया सेपाला मी स्वतः जाऊन सांगून आले, की पहिला फोटो बिघडलाय, दुसरा काढायचाय. बिघडला म्हटलं. याहून जास्त मला जमलं नाही. ती म्हणाली, बरं झालं, त्या दिवशी कवळी सैल होती. सगळ्यांचे वेगवेगळे काढायचे, तोमासचा जीपनीसकट. फिल्मचं मी बघते. तू फक्त कॅमेरा उघडून माझ्यापुढे भर, डोळ्यांदेखत, आणि दादिंगचा तो जुना आणू नकोस. आणलास तर तोही भर.

रुबिलिनला फोन करून सांगितलं तू कोण ते. तिला ठाऊक होतं. तिने तुला दाराशीच ओळखलं होतं आणि मी काय म्हणेन म्हणून गप्प राहिली. या घरात सगळ्यांना सगळं दिसतं आणि सगळे माझ्याकडे बघून गप्प बसतात, हे मला या महिन्यात कळलं. हे चांगलं की वाईट ते तू सांगू नकोस.

शेजारच्या इस्तेरला म्हटलं, माझी धाकटी बहीण येतेय. ती म्हणाली, नन्सकडची का? म्हटलं, नाही, फोटोवाली, बाकोलोदची. तिने भुवई वर केली. तिची भुवई मुळात रंगवलेली, ती किती वर जाणार.

तू आमच्याकडे राहशील. रुबिलिनच्या खोलीत दोघी झोपा, खाट जुनी आहे, फार बोललात तर मोडेल. तुझे पियाया ईस्टरला काढले, अन्सेल्मोने पाच खाल्ले, मोडलेले मी. येताना पुन्हा काही आणू नकोस.

इथे नोनोय नाही, कुणाचा कागद नाही. कुठे उभं राहायचं ते तूच ठरव. मी कुठे उभं राहायचं तेही सांग, कारण त्याच्या मागे राहिले की मला त्याच्या पायाशिवाय काही दिसत नाही, आणि या वेळी मला त्याचं तोंड बघायचंय.

चार तारखेची सकाळची बोट घेतेस की आदल्या संध्याकाळची, तेवढं उलट टपालाने कळव. उशीर नको. अठ्ठावीस कालची आहेत, आजची त्याने मला मोजू दिली नाहीत.

तुझी मनांग
पुरिंग